वाटी रिकामी परत करू नये

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आई डोंबिवलीहून आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. संध्याकाळी दूध तापवून ठेवलं आणि लक्षात आलं की विरजणाला घरात चमचाभर दही नाही. मी सवयीने फोन हातात घेतला. दहा मिनिटांत दह्याचा डबा दारात आला असता. आई म्हणाली, "चमचाभर विरजणासाठी एक पोरगा गाडी काढून येणार? शेजारी कोण राहतं?"

मला सांगता येईना. शेजारच्या दारावरची पाटी मी चार वर्षं रोज बघत होते. नाव पाठ होतं, माणूस माहीत नव्हता.

आईने साडी सारखी केली आणि शेजारची बेल वाजवली. परत आली ती चाळीस मिनिटांनी. दूध पुन्हा कोमट करावं लागलं, पण तोवर तिला बरंच कळलं होतं. शेजारच्या आजी गुंटूरच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर घरात एकट्या. आणि माझ्याबद्दल त्यांचं मत असं, की 'ही बाई फार घाईत असते.' दोघींचं हिंदी सारखंच मोडकं, त्यामुळे बोलायला कुणालाच लाज वाटली नव्हती. दही ज्या वाटीतून आलं तिच्या काठावर तेलुगू अक्षरांत नाव कोरलेलं होतं. आई ती निरखत म्हणाली, "भांड्यावर नाव घालतात. म्हणजे आपल्यासारखेच की."

दुसऱ्या दिवशी मी वाटी घासून परत द्यायला निघाले तर आईने हात धरला. "रिकामी वाटी परत करू नये." तिने वाटीत शेंगदाण्याची चटणी भरली. चार दिवसांनी त्याच वाटीतून गोंगुऱ्याचं लोणचं आलं. मग आमच्याकडून नारळीभात गेला. तेव्हापासून ती वाटी या दारातून त्या दारात फिरते आहे.

आनंदी कसं राहावं हे सांगणाऱ्यांची आज कमी नाही. ध्यान करा, चाला, वेळेवर झोपा. सगळं खरं आहे. पण त्या यादीत ही वाटी सहसा नसते, आणि माझ्या मते ती बरीच वर असायला हवी.

रिवाज साधा वाटतो, पण त्यात मोठी युक्ती आहे. वाटी भरून गेली की समोरच्याकडे आपलं काहीतरी उरतं, त्यांची भरून आली की आपल्याकडे त्यांचं. हिशेब कधी मिटत नाही, म्हणून येणंजाणं थांबत नाही. एखाद्याशी संबंध नाही हे सांगायला मराठीत आपण म्हणतो, 'माझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही.' भाषेने हे केव्हाच ओळखलेलं आहे. आता प्रत्येक व्यवहार जागच्या जागी मिटवायची सोय झाली आहे. चहाचे पैसे चौघांत भागून लगेच फोनवरून येतात. कुणाचं काही देणं राहत नाही, आणि त्याबरोबर कुणाकडे जायचं कारणही राहत नाही.

ओळखीपुरत्या माणसांचं मोल

माणसांच्या सहवासाचा आरोग्याशी काय संबंध आहे, यावर जगात भरपूर काम झालं आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. विद्यापीठातले विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं अशा ७२४ जणांची आयुष्यं त्यात टिपली गेली: नोकऱ्या, लग्नं, आजारपणं, म्हातारपण. अभ्यासाचे सध्याचे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी काढलेलं सार असं, की पन्नाशीत जी माणसं आपल्या नात्यांत समाधानी होती, तीच ऐंशीच्या घरात जास्त धडधाकट राहिली. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हा अंदाज खरा ठरला.

ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सरासरी ५० टक्क्यांनी जास्त दिसली. एकामुळेच दुसरं होतं असं यातून थेट सिद्ध होत नाही, कारण आजारी माणूसही आपोआप एकटा पडतो. पण इतक्या देशांत, इतक्या वर्षांत तेच चित्र दिसतं तेव्हा ते गंभीरपणे घ्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा छळतो, आणि त्यात तरुण मुलंमुलीही मोठ्या संख्येने आहेत.

हे वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे नवरा-बायको, मुलं, जिवलग मित्र येतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण दिवसभरात आपल्याला भेटणारी बरीचशी माणसं या यादीत बसत नाहीत. भाजीवाली, इस्त्रीवाला, रोज त्याच वेळी लिफ्टमध्ये भेटणारे काका, औषधाच्या दुकानातला पोरगा. ही ओळखीपुरती माणसं आपण हिशेबात धरत नाही.

मानसशास्त्रज्ञ जिलियन सँडस्ट्रॉम यांनी नेमकी हीच माणसं मोजली. टोरंटोत शिकत असताना त्या रोज एका हॉटडॉगच्या गाडीवरून जायच्या. गाडीवरची बाई आणि त्या एकमेकींकडे बघून हसायच्या, हात करायच्या. एवढ्याने आपल्याला या जागी आपलंसं का वाटतं, हा प्रश्न त्यांना पडला. पुढे एलिझाबेथ डन यांच्याबरोबर २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्यांनी लोकांच्या हाती बटण दाबून मोजायची दोन यंत्रं दिली, नामजप मोजायला आपल्याकडे असतात तशी. जवळच्या माणसाशी बोललात तर एक दाबा, ओळखीपुरत्या माणसाशी बोललात तर दुसरं. ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ओळखीपुरती माणसं भेटली, तो दिवस लोकांना जास्त सुखाचा गेला. कॉफीच्या दुकानातल्या दुसऱ्या एका प्रयोगात अर्ध्या गिऱ्हाइकांना झटपट काम उरकायला सांगितलं, अर्ध्यांना विक्रेत्याच्या डोळ्यांत बघून हसायला आणि दोन शब्द बोलायला. दुसरा गट जास्त खुशीत बाहेर पडला.

याचं कारण मला असं दिसतं. घरच्या माणसांशी बोलताना अपेक्षा असतात, जुने हिशेब असतात. भाजीवालीशी बोलताना त्यातलं काहीच नसतं. तरीही ती म्हणते, "ताई, चार दिवस दिसला नाहीत?" आपण दिसलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं! माणसाला याचीही भूक असते.

चाळीने फुकट दिलेली निमित्तं

माझं लहानपण डोंबिवलीच्या चाळीत गेलं. तिथे सगळे प्रेमळ होते वगैरे काही नाही. नळावर कडाक्याची भांडणं व्हायची, पत्र कुणाचं आलं हे घरच्यांआधी गॅलरीला कळायचं, आणि वयात आलेल्या मुलीला एकांतात रडायलाही जागा नव्हती. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्यांना 'चाळच बरी होती' असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही.

मात्र चाळीत एक गोष्ट फुकट मिळायची: निमित्त. सामाईक नळ, सामाईक जिना, सामाईक गॅलरी. बोलायचं ठरवावं लागत नव्हतं, टाळायचं तर कष्ट पडायचे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्याला ती चाळच उपयोगी पडली असणार. माणसं आधीच एकत्र होती. लोकलचंही तेच. आई पंचवीस वर्षं मुंबईला नोकरीला जात होती. सकाळच्या त्याच लोकलचा तोच बायकांचा डबा, त्याच आठ-दहा जणी. त्या डब्यात मटार सोलले गेले, हळदीकुंकू झालं, एकीचं डोहाळजेवणसुद्धा झालं. त्यातल्या तिघी आजही तिला फोन करतात.

टॉवरमध्ये नळ घरात आला, लिफ्टने जिना संपवला, पाहुणा आल्याची वर्दी ॲपवर येते. घरून काम सुरू झालं आणि लोकलही सुटली. सोयी वाईट नाहीत, मीही त्या सोडणार नाही. पण प्रत्येक सोयीने एकेक निमित्त खाल्लं. पूर्वी जे आपोआप मिळायचं ते आता हाताने करावं लागणार.

बोलायला अडतं कुठे?

आपल्याला वाटतं, समोरच्याला आवडणार नाही. शिकागोत निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी रोज ट्रेनने जाणाऱ्या प्रवाशांवर प्रयोग केला. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. आधी विचारलं तर लोकांचा अंदाज होता की गप्प बसणंच सुखाचं. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान झाला. २०१८ सालच्या आणखी एका संशोधनात दिसलं की दोन अनोळखी माणसं बोलून उठली की प्रत्येकाला वाटतं, 'मी काही त्याला फारसा आवडलो नाही.' खरं तर दोघंही एकमेकांना वाटतं त्याहून जास्त आवडलेली असतात. शेजारच्या आजींना मी घाईत वाटत होते, मला ते घर अबोल. दोघींचाही अंदाज चुकला होता आणि चार वर्षं गेली.

आता करायचं काय?

१. पाच नावं शिका. रोज दिसणाऱ्या पाच माणसांची यादी करा: वॉचमन, कामाच्या मावशी, कचरा नेणारा दादा, दूधवाला, समोरच्या फ्लॅटमधलं कुणीतरी. त्यातल्या किती जणांची नावं माहीत आहेत? महिनाभरात पाचही नावं कळली पाहिजेत आणि हाक नावाने गेली पाहिजे. 'ओ वॉचमन' म्हटल्यावर वळणारा चेहरा आणि नावाने हाक मारल्यावर वळणारा चेहरा यांतला फरक स्वतःच बघा.

२. आठवड्यातलं एक काम ॲपशिवाय करा. सगळी नकोत, एकच. भाजी घ्या किंवा इस्त्रीचे कपडे स्वतः नेऊन द्या. दर वेळी त्याच गाडीवर, शक्यतो त्याच वेळी जा. कानातले हेडफोन काढा. भावाची घासाघीस झाली की आणखी एक वाक्य बोला: "आजची मेथी कुठली?" बाकीचं समोरचा माणूस बघतो.

३. मागा. मदत करण्यापेक्षा मागणं आपल्याला जड जातं. 'उगाच कुणाला त्रास कशाला' हे आपल्याकडे सभ्यपणाचं लक्षण मानतात. पण २०२२ सालच्या संशोधनातून दिसलं की लोक मदत करायला किती तयार असतात आणि मदत करून त्यांना किती बरं वाटतं, याचा मागणाऱ्याला बहुधा कमी अंदाज असतो. तेव्हा विरजण मागा, कढीपत्त्याचं डहाळं मागा, शिडी मागा, 'दोन दिवस कुंड्यांना पाणी घालाल का?' असं विचारा. मागणं लहान असावं, नाही म्हणायला जागा ठेवणारं असावं आणि पैशांचं नसावं. मग परतफेड लगेच करू नका. वाटी दोन दिवस राहू द्या.

४. वार आणि वेळ ठरवा. 'भेटू या एकदा' म्हणणारी माणसं भेटत नाहीत. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या संशोधनानुसार नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. आठवड्याला एक तास धरला तर वर्षाचे बावन्न तास होतात. म्हणजे रविवारी सकाळी सातला तीच बाग, तोच बाक, एवढं वर्षभर पाळलं तर एक मित्र मिळतो. आईच्या डब्यातल्या बायकांनी हे तास असेच नकळत जमवले होते.

निमित्त भारी असावं लागत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीतल्या लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि नको ते सुरू झाले. मग त्यांनी विनोदच काढून टाकले. काही कारण नसताना हसायचं ठरलं. आज जगभर असे क्लब आहेत. ग्रंथालयातला वाचनकट्टा, भजनी मंडळ, भिशी, ज्येष्ठ नागरिक संघ, रविवारची टेकडी, यातलं काहीही चालेल. विषय किती आवडतो यापेक्षा वार चुकत नाही ना, हे बघा.

५. फॉरवर्ड सोडा, दोन ओळी स्वतःच्या लिहा. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवलं म्हणजे संपर्क आहे, हा समज सोडा. त्याऐवजी आठवड्यातून एकाच माणसाला त्याच्यापुरता निरोप लिहा. 'आज डाळिंबी उसळ केली, तुझ्या डब्यातली आठवली. कशी आहेस?' बऱ्याच वर्षांनी अचानक आलेल्या अशा निरोपाचं समोरच्याला वाटणारं अप्रूप आपल्या कल्पनेपेक्षा मोठं असतं, हेही संशोधकांनी तपासून पाहिलं आहे.

६. सोसायटीत एक सामाईक जागा जिवंत करा. सभा घेऊ नका, ठराव करू नका. लिफ्टजवळ दोन खुर्च्या ठेवा. वाचून झालेल्या पुस्तकांचं एक फडताळ खाली ठेवा. कोजागरीला गच्चीवर आपापला पेला घेऊन या, दूध तेवढं सामाईक. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडणारी माणसं पेला हातात घेतल्यावर बरीच मऊ होतात.

चौकशी आणि चोंबडेपणा

मोकळेपणाच्या नावाखाली माणसाला नकोसं करणं सोपं आहे. पगार किती, लग्न कधी, 'गोड बातमी' कधी, मुलगा परदेशातून येतो की नाही, हे प्रश्न ओळखीच्या पहिल्या वर्षात विचारूच नयेत. आडनावापासून सुरुवात नको. त्या एका प्रश्नामागे आपल्या समाजात काय दडलेलं असतं, हे विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारलं त्याला, दोघांनाही ठाऊक असतं. भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींच्या घरी कोण येतं यावर नजर ठेवणं म्हणजे शेजारधर्म नव्हे. बोलायला समोरचं काहीतरी घ्या: कुंडीतलं झाड, पाऊस, हातातलं पुस्तक, कुत्र्याचं नाव. एखाद्याला बोलायचं नसेल तर हसून पुढे जावं. उद्या परत तोच जिना आहे.

बुजऱ्या माणसांनी ही यादी वाचून दडपण घेऊ नये. एकट्याने बसायला आवडणं आणि एकटं पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यासाठी दिवसाला एक नमस्कार आणि एक वाक्यही पुरेसं आहे.

ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा ज्येष्ठांना एक वेगळी सूचना. रोजचा व्हिडिओ कॉल हवाच, पण घराची एक चावी पाच मिनिटांत येऊ शकेल अशा माणसाकडे द्या. मुलांनीही त्या माणसाचा नंबर घ्यावा आणि कधीतरी फक्त 'कसे आहात' विचारायला त्याला फोन करावा. अडचणीला ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट असावी. दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो निव्वळ एकटेपणा नसू शकतो. तिथे विरजण पुरणार नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. सोबत कुणी असेल तर जाणं सोपं होतं, म्हणून शेजाऱ्याला बरोबर चला म्हणायला लाजू नका.

मध्यंतरी मला ताप होता. आठवडाभर घराबाहेर पडले नाही, आणि गुंटूरच्या आजींची वाटी घासून ओट्यावर तशीच राहिली. आठव्या दिवशी खाली औषध आणायला गेले तर लिफ्टमध्ये त्यांची सून भेटली. म्हणाली, "आंटी, अम्मा पूछ रही थी. कटोरी नहीं आई, तबीयत तो ठीक है ना?"